हात फोनकडे जातो तेव्हा मनात नेमके काय असते?

सांजवात (धागाकर्ती)

गेल्या दिवाळीनंतर मी एकाच रात्री दोन प्रश्नावल्या भरल्या आणि तेव्हापासून हा विषय माझी पाठ सोडत नाही. पहिली प्रश्नावली समाजमाध्यमांच्या व्यसनाची होती. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या सेसिली आंद्रेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ती फक्त फेसबुकसाठी तयार केली होती आणि पुढे तिची व्याप्ती सर्वच समाजमाध्यमांपर्यंत वाढवण्यात आली. तीत सहाच प्रश्न आहेत. गेल्या वर्षभरात डोक्यात सतत तोच विषय होता का, वापर वाढवत न्यावासा वाटला का, स्वतःच्या अडचणी विसरण्यासाठी वापर केला का, कमी करण्याचा प्रयत्न फसला का, वापरता आले नाही तर बेचैनी होते का, आणि कामावर किंवा अभ्यासावर वाईट परिणाम झाला का. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे असतात. मला ३० पैकी २१ पडले. हंगेरीतील सुमारे ६,००० किशोरवयीन मुलांच्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, १९ गुणांची रेषा धोक्याची मानली आहे. ती मुलांसाठीची आहे, मी बेचाळीस वर्षांची आहे, असे मी स्वतःला बजावले, पण त्याने काही बरे वाटले नाही.

दुसरी प्रश्नावली वीस विधानांची, टोरंटोत तयार झालेली आणि १९९४ पासून सध्याच्या स्वरूपात वापरात असलेली आहे. ती 'ॲलेक्सिथायमिया' मोजते. बोस्टनमधील मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७० च्या दशकात ग्रीक शब्दांपासून हे नाव घडवले आणि त्याचा अर्थ 'भावनांसाठी शब्द नसणे' असा होतो. हा आजार नसून स्वभावाचा एक पैलू आहे आणि तो कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांतच असतो. त्याचे तीन भाग मानले जातात: आपल्याला काय वाटते आहे ते ओळखता न येणे, ओळखले तरी दुसऱ्याला सांगता न येणे, आणि आत पाहण्याऐवजी लक्ष सतत बाहेरच्या घडामोडींकडे असणे. १०० पैकी ६१ किंवा अधिक गुण म्हणजे हा पैलू ठळक, आणि ५२ ते ६० म्हणजे सीमारेषेवर. मला ५८ पडले आणि मी चक्रावून गेले, कारण आमच्या घरात मी रडकी म्हणूनच प्रसिद्ध आहे. रडू येणे आणि का रडू येते ते कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्री प्रथम ध्यानात आले.

समाजमाध्यमांच्या व्यसनाविषयी वाचताना स्वभावाचे पाच घटक पुन्हापुन्हा भेटतात: भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, नवे अनुभव घेण्याची वृत्ती, सौजन्य आणि शिस्तशीरपणा. पैकी भावनिक अस्थिरता जास्त असणाऱ्यांना हे वेड अधिक लागते आणि शिस्तशीर माणसे त्यातून बरीचशी सुटतात, असा साधारण निष्कर्ष आहे. परंतु वयाच्या बेचाळीसाव्या वर्षी मी माझा स्वभाव कितीसा बदलणार? त्यापेक्षा मनात काय चालले आहे ते ओळखण्याची सवय लावून घेणे मला अधिक हातात असल्यासारखे वाटले.

म्हणून मी एक शंभर पानी वही फोनशेजारी ठेवली आणि २१ दिवस एकच नियम पाळला. रील्स पाहण्यासाठी फोन उघडण्यापूर्वी त्या क्षणी काय वाटते आहे त्याचा एक शब्द, फक्त एक शब्द, वहीत लिहायचा आणि मग खुशाल उघडायचा. बंदी घातली नव्हती. पहिल्या आठवड्यात पानेच्या पाने 'कंटाळा' या एकाच शब्दाने भरली. लेखापालाच्या नोकरीमुळे एकच शीर्ष वारंवार दिसले की मला संशय येतो. किरकोळ खर्चाच्या खात्यात फार रक्कम जमली तर ती फोडून पाहावी लागते, तसा मी हा 'कंटाळा' फोडून पाहिला. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर खाटेवर बसून होणारा कंटाळा ही प्रत्यक्षात मरगळ होती. रात्री साडेनऊनंतरचा कंटाळा म्हणजे आईला आजही फोन केला नाही याची रुखरुख होती. आणि रविवारी दुपारचा कंटाळा, हे लिहायला मला चार दिवस लागले, परदेशातील चुलत बहिणीच्या छायाचित्रांमुळे वाटणारा हेवा होता.

आपापले अनुभव आणि आक्षेप दोन्ही मांडावेत. विषय व्यसनाचा आणि स्वभावाचा आहे, त्यामुळे 'मोबाइल फेकून द्या' अशा सल्ल्यांचा मला फारसा उपयोग होणार नाही.

गुणाकार

सांजवातताई, मांडणी आवडली. मी महाविद्यालयात मानसशास्त्रातील संशोधनपद्धती शिकवतो, म्हणून काही अडथळे दाखवणे माझे कामच आहे.

स्वभावघटकांविषयी तुम्ही लिहिले ते ढोबळमानाने बरोबर आहे. बर्गनच्या २०१२ च्या त्या अभ्यासातच भावनिक अस्थिरता आणि बहिर्मुखता यांचा व्यसनाच्या गुणांशी सरळ, तर शिस्तशीरपणाचा उलट संबंध आढळला होता. बहिर्मुखतेचा मुद्दा लोकांना बुचकळ्यात टाकतो. एकलकोंडी माणसे फोनमध्ये डोके घालून बसतात अशी आपली समजूत असते, परंतु ज्याला माणसांची ओढ आहे त्याला माणसांचा हा अखंड बाजार अधिक खेचत असेल, यात नवल नाही. भावनिक अस्थिरतेची वाट निराळी आहे. अशा माणसाला मनाची खालीवर होणारी अवस्था सहन होत नाही आणि फोन ती तात्पुरती झाकतो. बाहेरून दोघेही सारखाच अंगठा फिरवताना दिसतात.

आता अडथळे. यांपैकी बहुतांश अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय ते त्यांतून कळत नाही. भावना न ओळखता येणारा माणूस फोनकडे वळतो हे शक्य आहे, तसेच दर दोन मिनिटांनी फोनकडे वळणाऱ्या माणसाला आपली भावना पुरती उमलण्याइतका वेळच मिळत नाही, हेही शक्य आहे. दुसरी अडचण मला नेहमी गमतीची वाटते. ज्याला स्वतःच्या भावना कळत नाहीत त्यालाच आपण 'तुम्हाला स्वतःच्या भावना कितपत कळतात' असे विचारतो आणि त्याच्या उत्तराला गुण देतो. तुमचे ५८ गुण म्हणजे तुम्हाला भावना कमी कळतात असे असू शकेल, किंवा आपल्याला कळत नाही एवढे तुम्हाला इतरांपेक्षा अधिक कळते, असेही असू शकेल.

तिसरे म्हणजे परिणामाचा आकार. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा त्यांच्या स्वास्थ्यातील फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकच डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. ही सरासरी आहे. सरासरीत बुडणारा एखादा मुलगा दिसत नाही हे मला मान्य आहे, पण 'पिढी वाया गेली' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

तिरकस रेघ

मला या चर्चेची दिशाच खटकते. दोष वापरणाऱ्याच्या स्वभावात शोधायचा आणि उपायही त्याच्याच वहीत शोधायचा, म्हणजे ज्यांनी हे यंत्र घडवले ते नामानिराळे राहिले.

मी संगणक प्रणाली तयार करण्याच्या व्यवसायात आहे. पूर्वी संकेतस्थळाला पाने असत, पान संपले की पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे आणि त्या क्षणी माणूस भानावर येई. २००६ मध्ये एझा रास्किन या संगणक-रचनाकारांनी न संपणाऱ्या पानाची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खेदही व्यक्त केला. रांजण कितीही मोठा असला तरी उपसताना कधीतरी तळ लागतो. येथे तळच काढून टाकला आहे. त्यावर बक्षिसाची अनिश्चितता आली. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते की दाणा दर वेळी मिळण्याऐवजी अवचित मिळाला तर पक्षी चोच मारणे थांबवतच नाही. दहा रील्स टाकाऊ असतात आणि अकरावी पाहून खुदकन हसू येते. ते हसू कधी येईल ते ठाऊक नसते, म्हणून अंगठा थांबत नाही. या रचनेपुढे शिस्तशीर माणूसही टिकत नाही. मी शिस्तशीर आहे आणि मी टिकलेलो नाही.

सांजवात

तिरकस रेघ, कंपन्यांना मोकळे सोडावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण एका प्रश्नाचे उत्तर तुमच्या कबुतराजवळ नाही. एकच रचना, एकच घर, तेच वायफाय. माझे यजमान दहा मिनिटे रील्स पाहतात आणि फोन पालथा ठेवून झोपतात. माझी पन्नास मिनिटे कुठे जातात ते मला कळत नाही. हा फरक यंत्राने केलेला नाही.

गुणाकार सर, तुमचा दुसरा मुद्दा वाचून मी बराच वेळ थांबले. वही सुरू केल्यावर माझे गुण आणखी वाढले असते, असे मला आता वाटते. आधी 'मला सगळे कळते' या समजुतीत होते.

मेतकूट

माझे थोरले बंधू चौदा वर्षे दारूपासून दूर आहेत. त्यांच्यासोबत व्यसनमुक्ती गटांच्या कुटुंबीयांच्या बैठकांना मी वर्षानुवर्षे गेले आहे, त्यामुळे 'व्यसन' हा शब्द सैलपणे वापरलेला मला खुपतो. संस्कृतात व्यसन म्हणजे संकटही, आणि दारूने घरावर येते ते खरोखर संकटच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, व्हिडिओ गेमच्या विकाराला स्थान आहे. समाजमाध्यमांच्या व्यसनाला त्यात वेगळे स्थान नाही. तरीही मदत मागणाऱ्यांची संख्या खरी आहे. बंगळूरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या आरोग्यपूर्ण वापरासाठी 'शट' नावाचे क्लिनिक २०१४ पासून चालते, ते उगाच नव्हे.

शब्दाविषयी नाराज असले तरी वहीच्या बाबतीत मी सांजवातताईंच्या बाजूने आहे. दारू सोडलेल्या माणसांना ओढ लागली की प्रथम चार गोष्टी तपासायला शिकवतात: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटे वाटते आहे का, थकवा आला आहे का. इंग्रजीतील या चार शब्दांची आद्याक्षरे जुळवली की 'हॉल्ट', म्हणजे 'थांबा', असा शब्द होतो. बंधू म्हणतात की पहिली दोन वर्षे त्यांना या चारांतला फरकच कळत नसे. सगळ्याचे नाव 'प्यावेसे वाटते' एवढेच होते. एकदा कळू लागल्यावर अर्ध्या वेळा पोळीभाजी खाऊन ओढ गेली, असे ते हसत सांगतात. उरलेल्या अर्ध्या वेळांविषयी ते हसत नाहीत.

कृष्णाकाठ

आमच्या सांगली जिल्ह्यातील उदाहरण येथे मांडतो. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि ८:३० ला पुन्हा वाजेपर्यंत घराघरांतील दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद राहतील. टाळेबंदीच्या काळात मुलांच्या हाती अभ्यासासाठी फोन आले आणि शाळा सुरू झाल्यावरही ते हातातून सुटेनात, हे त्यामागचे कारण होते. पुढे त्याची बातमी देशभर झाली.

आमचे गाव वेगळे, पण बातमी वाचून मी घरात तसाच प्रयोग केला, भोंग्याऐवजी स्वयंपाकघरातील घड्याळाचा गजर लावून. तो दीड महिना टिकला. त्यातून एक निरीक्षण हाती आले. भोंग्याला तुमच्या भावनेशी देणेघेणे नसते. कोणाला काय वाटते ते न विचारता तो सर्वांना एकदम थांबवतो आणि सगळे गाव थांबले असल्यामुळे आपले काही हुकते आहे असेही वाटत नाही. आमच्या घरात मात्र आम्हीच थांबलो होतो, बाकीचे जग चालूच होते. थोरली मुलगी ८:२५ पासूनच घड्याळाकडे पाहत बसे. धाकटा तोवर चक्क कॅरम खेळत असे आणि गजर वाजलेला त्याला ऐकूही येत नसे. एकाच आईबापांची मुले, म्हणून सांजवातताईंचा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याचबरोबर मुलीला वही देऊन 'एक शब्द लिही' म्हटले असते तर तिने कोणता शब्द लिहिला असता, याचा अंदाज मला येतो आणि तो येथे लिहिण्यासारखा नाही.

दक्षिणायन

मी मेलबर्नला राहते. आमच्याकडे १६ वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम खात्यांवर बंदी घालणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अंमलात आला. दंड मुलांना किंवा पालकांना नसून कंपन्यांना आहे आणि तो जवळपास ५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे तिरकस रेघ यांचे काहीसे समाधान व्हावे. चौदा वर्षांच्या मुलाची आई म्हणून मला याचा आधार वाटला. पण कायदा माझ्या मुलासाठी आहे. रात्री बारा वाजता, भारतात संध्याकाळ असताना, गावाकडच्या गटात कोणी काही टाकले का ते पाहत बसणाऱ्या माझ्यासाठी कोणताही कायदा नाही. या भावनेला इंग्रजीत मी 'होमसिक' म्हणत आले. तुमचा धागा वाचून हुरहूर हा शब्द आठवला आणि लक्षात आले की होमसिक म्हटल्यावर मी तिकिटांचे दर पाहत असे. हुरहूर म्हटल्यावर तिकीट काढून ती भागणार नाही, हे कळते.

गुणाकार

दक्षिणायन यांनी जे लिहिले त्याला संशोधनात काही आधार आहे. मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना रागीट, भेदरलेले असे चेहरे दाखवले. त्या चेहऱ्यावरील भावनेला शब्द निवडायला सांगितल्यावर मेंदूतील अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेल्या, भागाची प्रतिक्रिया मंदावली. त्याच चेहऱ्याला एखादे व्यक्तिनाम निवडायला सांगितले तर ती तशी मंदावली नाही. म्हणजे शब्द शोधण्याच्या श्रमाने नव्हे, तर भावनेच्या शब्दाने फरक पडला. प्रयोग दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरचा आहे, रील्सवरचा नाही, एवढी मर्यादा लक्षात घ्यावी. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांनी भावनांमधील बारीक भेद करण्याच्या क्षमतेवर बरेच काम केले आहे. 'वाईट वाटते' एवढ्यावर थांबणारा आणि खंत, चुटपुट, उद्वेग यांत फरक करणारा, या दोघांची पुढची कृती निराळी असते, असा त्याचा रोख आहे.

आधी काय आणि नंतर काय, याबद्दलही एक चांगला प्रयोग आहे. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीपूर्वी सुमारे २,७०० लोकांपैकी काहींना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले होते. त्यांचा दिवसाला सरासरी एक तास मोकळा झाला, समाधान थोडे वाढले आणि राजकीय बातम्यांची माहिती थोडी घटली. समाधान वाढले ते खरोखर थोडेच, पण दिशा स्पष्ट होती.

तिरकस रेघ

सांजवातताईंच्या यजमानांचे उदाहरण मला निरुत्तर करते, हे मान्य. तरी एक भर घालतो. यंत्रालाही आपली भावना ओळखायची असते. कुठल्या चित्रफितीवर मी किती सेकंद रेंगाळलो याची नोंद ते ठेवते आणि पुढची चित्रफीत त्यावरून निवडते. मला माझी मरगळ कळण्यापूर्वी तिच्यावर चालणारा माल माझ्यासमोर आलेला असतो. या दृष्टीने पाहिले तर ताईंची वही मला आता निरुपद्रवी छंद वाटत नाही. निदान एका नोंदवहीत मी स्वतः लिहितो आहे.

पाऊलवाट

बरेच दिवस केवळ वाचत होतो, प्रथमच लिहितो. वय ५६, निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. आमच्या घरात पुरुषांच्या भावनांना दोनच नावे होती, राग आणि डोकेदुखी. वडील गेले तेव्हा मी तेरावा होईपर्यंत डोके दुखते असे सांगत होतो आणि ते खरेच दुखत होते. टोरंटोच्या प्रश्नावलीत शरीराच्या ज्या जाणिवा डॉक्टरांनाही उलगडत नाहीत त्यांविषयी एक विधान आहे, ते वाचून अंगावर काटा आला.

सांजवातताई, शब्दच सुचला नाही तर वहीत काय लिहायचे?

सांजवात

पाऊलवाट दादा, मी अशा वेळी शरीराचे लिहीत असे: 'खांदे जड', 'पोटात गोळा', 'जबडा आवळलेला'. शब्द कधी दुसऱ्या दिवशी सापडतो, कधी सापडतच नाही. एक सावधगिरी मात्र स्वानुभवाने सांगते. 'हेवा' आणि 'मत्सर' यांत नक्की कोणता, असा कीस काढत एकदा मी अर्धा तास वहीच चाळत बसले आणि भात करपला. तेही एक प्रकारचे स्क्रोलिंगच झाले.

एकविसाव्या दिवशीचा हिशेब कोणी विचारला नाही, तरी देते. फोनने दाखवलेला वेळ दिवसाला सरासरी तीन तास दहा मिनिटांवरून दोन तास पंधरा मिनिटांवर आला. त्यानंतर वही सुटली आणि आकडा अडीच तासांच्या आसपास स्थिरावला. आईला फोन मात्र आता रात्री साडेनऊपूर्वीच होतो, त्यामुळे रुखरुख या शीर्षाखाली फारशी नोंद पडत नाही. संध्याकाळची मरगळ जशीच्या तशी आहे. ती थकव्यामुळे येते आणि थकवा कचेरीमुळे, त्यावर वहीचा इलाज नाही.

पाऊलवाट

तीन दिवस झाले. मुलाच्या जुन्या, कोऱ्या पाने उरलेल्या वहीत लिहितो आहे. पहिल्या दिवशी पाच वेळा 'डोके दुखते' लिहिले, दुसऱ्या दिवशी तीन वेळा. काल दुपारी कार्यालयाच्या गटावर एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाची छायाचित्रे आली, ती उघडण्यापूर्वी पेन हातात घेतले आणि बराच वेळ काहीच सुचले नाही. शेवटी 'मान ताठ' असे लिहिले. छायाचित्रे पाहिली. मग रात्री जेवताना पत्नीने विचारले की आज गप्प का, तेव्हा तिला सांगितले, दोन वर्षांनी माझाही असाच समारंभ होईल आणि त्यानंतर सकाळी कुठे जायचे ते मला माहीत नाही. वहीतील त्या ओळीपुढे शब्दाची जागा अजून कोरीच ठेवली आहे. पत्नीने 'धास्ती' सुचवला आहे, मला तो थोडा मोठा वाटतो.